ट्रम्पेटवाल्या काकांची जळजळ

बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या काकांच्या छातीत कित्येक महिने जळजळायचं, पोटही सदा फुगलेलं. हृदयाचंच दुखणं असणार, या धास्तीने ते गप्प होते. शेवटी बायकोनेच त्यांना धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तपासण्या झाल्यावर बाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. पोटातलं आम्ल वर येतंय. गोळ्या देते, पण जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही. आणि गणवेशाचा पट्टा जरा सैल बांधा."

काकांनी सगळं निमूट पाळलं आणि हळूहळू जळजळ निवली. मग एके दिवशी तालमीत त्यांनी असा लांबलचक सूर धरला, की ढोलवाल्याचा हात वरच्या वर थांबला. सूर संपताच काकांनी धांदलीने घरी फोन लावला.

"अगं, फोन ठेवू नकोस. ऐक, पुन्हा वाजवतो."