चुलीलगतची जागा

एकोडी गावचा हिरालाल हाताचा गोड आणि तोंडाचा फटकळ. आखाती देशांत कामगारांच्या मेसमध्ये भात शिजवता शिजवता त्याचे केस पिकले, आणि आता तो दक्षिण इराकमध्ये एका मातीच्या टेकाडाजवळ, उत्खननाच्या तळावर आचारी होता. टेकाड म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियातलं गाव. घरं पडत गेली, त्यांच्यावर नवी उठत गेली. परदेशी लोक तिथली माती ब्रशने झाडत बसत. "आमच्या गावात पडक्या भिंतीले कुत्रं विचारत नाही," हिरालाल म्हणायचा. चहाची किटली घेऊन रोज खड्ड्याशी जायचा मात्र.

त्या दिवशीही तो किटली घेऊन पोचला. एका घराची जमीन उकलली होती आणि चुलीलगत मडकं निघालं होतं. मडक्यात तान्ह्या पोराची हाडं, चिमणीची वाटावीत इतकी बारीक. दुभाष्या म्हणाला, इथले लोक गेलेलं पोर घरातच पुरत. हिरालालच्या अंगावर काटा आला. जिथे भाकरी भाजायची तिथेच? ही माणसं होती की कोण, असं तो दुपारपर्यंत भेटेल त्याला विचारत सुटला.

फोनला रेंज टेकाडावरच यायची. तिथे तो उभा असताना पुतण्याचा, कुलदीपचा, फोन आला. गावचं जुनं मातीचं घर पाडून हिरालाल तिथे पक्कं घर बांधणार होता.

"मोठे बाबा, भिंती पाडून झाल्या. पाया खणाले जेसीबी उभी आहे. पण मोठी माय चुलीपासून उठूनच नाही राहिली."

हिरालालचं डोकं सणकलं. त्याची बायको वच्छला या घराच्या कामात वर्षानुवर्षं मोडता घालत आली होती.

"फोन दे तिले. वच्छला, काहून तमाशा करून राहिली? सोनं गाडलं का तिथं?"

त्याच रागात तो मडक्याची सगळी हकिकत तिला ऐकवून मोकळा झाला. "असे रानटी लोक. पोटच्या पोराले चुलीपाशी पुरते."

"रानटी कायले म्हणता?" वच्छला हळूच म्हणाली. "आपलाबी इथंच आहे."

त्यांचा पहिला मुलगा जन्मून आठवडाभरात गेला, तेव्हा हिरालाल परदेशात होता. तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या मातीत पुरला, एवढंच त्याला कळवलं होतं. त्यानेही पुढे विचारलं नव्हतं.

"पाळीवर कोल्हे उकरते. एवढूशा जिवाले तिथं एकटं कसं ठेवू? मामाजींनी, तुमच्या बाबांनी, इथं खड्डा केला, आम्ही बुद्धवंदना घेतली. तुमाले सांगतलं असतं तर तुमी इथं जेवले असते का?"

दर सुटीत हिरालाल त्याच चुलीपाशी पाट घेऊन जेवला होता, आणि चुलीची जागा बदल म्हटलं तर वच्छला ऐकायची नाही. तो म्हणाला, "कुलदीपले सांग, मशीन वापस पाठव. घर मागच्या मोकळ्या वाडीत बांधू."

वच्छला रडत होती. मग तिने विचारलं, "अन् तिकडच्या पोराले? त्याले बाहेर काढलं का त्या लोकायनं?"

खाली खड्ड्यात मडक्याला नंबराची चिठ्ठी बांधून झाली होती. दोघे जण ते पेटीत ठेवत होते.

"नाही," हिरालाल म्हणाला. "परत माती टाकून बुजवलं."