तिच्या टाचेची थरथर

मी वीज खात्यात वायरमन आहे. माकणीच्या आसपासची गावं माझ्याकडं असतात. खांबावर चढायची मला भीती वाटत नाही, यात मोठेपणा काही नाही, सवय आहे. लाईन बंद करून घेतली, हातमोजे घातले, कमरेचा पट्टा ओढून बघितला, की माणूस चढतो. काय केलं म्हणजे जीव वाचतो, हे तिथं ठाऊक असतं. माझी मुलगी झाली तेव्हा काय केलं म्हणजे जीव वाचेल, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

बायकोला सातवा महिना लागला होता. सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, मला एकाच्या जागी दोन दोन तवे दिसायलेत." पाय तर आधीपासून सुजले होते. त्या दिवसांत सुजतातच, असं माझी आई म्हणायची. पण दोन तवे म्हटल्यावर आईही उठून उभी राहिली.

उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बायकोचा रक्तदाब बघितला आणि आमच्याशी काही बोलायच्या आधी फोन उचलला. "सोलापूरला न्या, आत्ताच्या आत्ता," त्या म्हणाल्या. "बाळ लगेच बाहेर काढावं लागेल, नाहीतर दोघींपैकी कुणाचीच खात्री नाही." बाळ मुलगा की मुलगी, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. बोलण्याच्या ओघात त्या 'दोघी' म्हणाल्या असतील. पण माझ्या मनात तेव्हापासून ती मुलगीच झाली.

हायवेवर ट्रकांच्या रांगेतून ॲम्ब्युलन्स वाट काढत होती. नळदुर्गच्या अलीकडं बायकोला झटका आला. दातखिळी बसली, हात आत वळले, डोळे पांढरे. सोबतच्या सिस्टरनं सुई दिली. मी नुसता तिचं नाव घेऊन हाका मारत होतो. तिला त्या ऐकू येत नव्हत्या.

सोलापुरात मुलगी झाली, सव्वा किलोची. एका दारातून बायकोला अतिदक्षता विभागात नेलं आणि समोरच्या दारातून मुलीला. कुठल्या दाराशी थांबावं ते मला कळेना. मधल्या जिन्याच्या पायरीवर मी बसून राहिलो.

मुलीला पहिल्यांदा बघितलं ते काचेच्या पेटीत. तिची अख्खी पाठ माझ्या तळहातात मावली असती. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा निळ्या दिसत होत्या. नाकात नळी, पायाला वायर. वायर बघून मला उगाच वाटलं, ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे, हिचं आपल्याला कळेल. तेवढ्यात मशीन वाजायला लागलं. सिस्टर शांतपणे आली, पेटीच्या भोकातून हात घालून तिनं बाळाच्या तळपायाला बोटानं दोनदा टिचकी मारली. मशीन गप्प झालं.

"काय झालं?" मी विचारलं.

"श्वास घ्यायचा विसरली होती. एवढ्या लहान बाळांना आठवण करून द्यावी लागते."

श्वास घ्यायचा विसरली. हे वाक्य मी आजही पूर्ण ऐकू शकत नाही.

बायको अजून धड शुद्धीवर आली नव्हती. मग एका सकाळी सिस्टरनं मला बोलावलं. "आईनं बाळाला छातीशी धरायचं असतं. आई येईपर्यंत तुम्ही बसा. शर्ट काढा."

मी हात पुढं केले. बोटांना घट्टे, एका अंगठ्यावर जुनी भाजल्याची खूण. "या हातांनी? मॅडम, तिला काही झालं तर?"

"हात कशाला दाखवता? बसा टेकून."

मी आरामखुर्चीत बसलो आणि तिनं नळ्यांसकट मुलीला माझ्या छातीवर पालथं ठेवलं. वजन असं जाणवलंच नाही, फक्त ऊब. माझं काळीज इतकं जोरात उडत होतं की त्या धक्क्यानं ती खाली पडेल असं वाटलं. आणि थोड्या वेळानं माझ्याच छातीवर ती श्वास विसरली. मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पलीकडच्या दोन बायका दचकून उभ्या राहिल्या. सिस्टरनं टिचकी मारली. "ओरडून उपयोग नाही. पुढच्या वेळी तुम्ही मारा," ती म्हणाली. पुढच्या वेळी मीच मारली.

बायको वाचली. मुलगी हळूहळू पेटीबाहेर आली आणि एकदाचे आम्ही माकणीला परतलो. येताना डॉक्टरांनी बजावलं होतं की उमरग्यात फिजिओथेरपी चालू करा, अजिबात खंड पडू देऊ नका. मला वाटायचं फिजिओथेरपी म्हणजे म्हाताऱ्यांचे गुडघे नाहीतर ॲक्सिडेंटवाल्यांचे पाय. जिला अजून रडायची ताकद नाही, तिला कसला व्यायाम?

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट झाली. माझ्या आईनं आमच्या गल्लीतली किती तरी लेकरं तेल लावून न्हाऊ घातलीत. लोक बोलवायला यायचे तिला. ती उंबऱ्याशी आली, दुपट्यात वाकून बघितलं आणि मागं सरकली.

"मी न्हाय हात लावायची."

"का गं आई?"

"लई बारीक हाय रं. माझ्या हातनं कमी-जास्त झालं तर तू जलमभर माझ्याकडं बघशील का?"

घरात ज्या एका माणसाच्या हाताचा भरवसा होता, तोही गेला. मग आमची भीती आणखी वाढली.

उमरग्याच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडम वयानं तरुण होत्या, सीमेपलीकडच्या गावच्या. मराठी चांगलं बोलायच्या, पण वाक्याच्या शेवटी कानडी हेल यायचा. त्यांच्या खोलीत एक जाड गादी, एक आरसा आणि दोन-तीन मोठे रबरी चेंडू. आम्ही तिघं गेलो होतो, मी, बायको आणि आई. मॅडमनी आधी मुलीला हात लावलाच नाही, नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पोटात लेकरू कसं असतं? गोळा होऊन. ही त्या घरातून लवकर निघाली की हो. म्हणून बाहेर हातपाय पसरून पडते. आपण तिला परत गोळा व्हायला शिकवायचं."

त्यांनी जुन्या सुती साडीची वळकटी करायला लावली आणि मुलीच्या भोवती घरट्यासारखी ठेवली. दोन्ही हात छातीवरून तोंडाशी आणायचे. गुडघे पोटाकडं हलकेच वाकवायचे. एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर. हे सगळं त्यांनी मला आधी गुंडाळलेल्या टॉवेलवर करायला सांगितलं. त्या टॉवेलवर करतानाही मला घाम फुटला.

"आणि थांबायचं कधी?" बायकोनं विचारलं.

"ती सांगते की. बोटं ताणून पसरली, उचकी लागली, तोंडाचा रंग बदलला, की थांबायचं. ती दमली म्हणून समजा."

आईनं मध्येच विचारलं, "आन मालिश?"

मॅडमनी टॉवेल तिच्यापुढं ठेवला. "दाखवा आजी, कशी करता?"

आईनं दाखवलं. टॉवेलला हात लावताना मात्र ती बिचकली नाही. मॅडम म्हणाल्या, "चोळणं छान आहे, ते करा. हात आडवेतिडवे ओढता ते नको. पाय धरून उलटं करता ते तर नकोच. आजी, तुमची बाकीची लेकरं भरल्या दिवसांची होती. हिचं वयसुद्धा जन्मल्यापासून मोजू नका. डॉक्टरांनी बाळंतपणाची जी तारीख दिली होती, तिथून मोजा." आई मान डोलवत राहिली. पण घरी येऊन तेलाची वाटी तिनं हातात घेतली ती बऱ्याच दिवसांनी, आणि तेही मी समोर बसलो तेव्हाच.

कामावर जायच्या आधी मी रोज व्यायाम करून घ्यायचो. जरा धीर यायला लागला होता. मॅडमनी दाखवल्याप्रमाणं मी एकदा तिचं डावं पाऊल वर दुमडलं आणि ते थरथरायला लागलं. टकटक टकटक, शिलाई मशीनची सुई चालावी तसं. मी हात काढला की थांबायचं. पुन्हा दुमडलं की पुन्हा सुरू. उजव्या पायाला तसं होत नव्हतं. मी बायकोला हाक मारली. तिनं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"मला आधीच दिसलं व्हतं," ती म्हणाली. "तुम्ही घाबराल म्हणून बोलले न्हाय."

त्याच दिवशी आम्ही मोटारसायकलवरून उमरगा गाठलं. मॅडमनी पाऊल धरलं, थरथर बघितली. मग उजवं. मग परत डावं. एरवी बोलत बोलत काम करणाऱ्या बाई त्या वेळी गप्प होत्या. मशीन वाजल्यावर मला जेवढी भीती वाटली होती, तेवढीच त्या गप्प बसण्याची वाटली.

"डॉक्टरांना दाखवू," एवढंच त्या म्हणाल्या.

सोलापुरात डोक्याची तपासणी झाली. मुलीला झोपेचं औषध देऊन त्या मोठ्या गोल यंत्रात सरकवलं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या आतल्या भागाला थोडी इजा आहे, लवकर जन्मलेल्या काही बाळांत होते, डाव्या पायात ताठरपणा राहील.

बायकोनं सरळ विचारलं, "चालंल का?"

"व्यायाम सोडू नका," डॉक्टर म्हणाले.

हे उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं. येताना एसटीत आम्ही एका सीटवर बसलो होतो. मुलगी मध्ये झोपलेली. उमरगा येईपर्यंत बायकोनं तिचा डावा पाय आपल्या मुठीत धरून ठेवला होता.

पुढच्या खेपेला मी मॅडमना एकटं गाठून विचारलं, "खरं सांगा. ती चालणार का न्हाई?"

त्या म्हणाल्या, "मला ठाऊक न्हाई. ठाऊक असल्यासारखं बोलले तर आज तुम्हाला बरं वाटंल. पण उद्या माझं काहीच खरं मानणार न्हाई तुम्ही." मग त्यांनीच मला विचारलं, "आज डावा हात आपणहून तोंडाकडं गेला का? ते सांगा बघू."

गेला होता. मी ते सांगितलं. त्या एवढ्या खूश झाल्या की मला थोडा रागच आला.

पण पुढं आमचे दिवस अशाच छोट्या छोट्या गोष्टींवर सरकले. मान धरली. कुशीवर वळली. बसली, पण पाय कात्रीसारखे एकमेकांवर यायचे, ते आमची मांडी मध्ये घालून वेगळे धरून ठेवावे लागायचे. शेजारणीचा नातू आमच्या मुलीच्याच सुमाराला जन्मला होता. तो अंगणभर रांगत असायचा आणि शेजारीण भाबडेपणानं विचारायची, "अजून न्हाय का व्हय?" बायको घरात निघून जायची. मॅडमनी डाव्या पायासाठी प्लास्टिकची पट्टी करवून घेतली, बुटात घालायची, टाच टेकावी म्हणून. पट्टी काढली की ती लगेच चवड्यावर जायची. अडीच वर्षांची होत आली तरी भिंत सोडत नव्हती. रोज कामावर जाताना मी हिशेब करायचो, मी म्हातारा झाल्यावर हिला कोण उचलेल?

एकदा मी लोहाऱ्याच्या रस्त्याला खांबावर होतो. तार तुटली होती, ती जोडायला. खिशातला फोन वाजला. बंद झाला. परत वाजला. घरून लागोपाठ दोन फोन कधी येत नाहीत. हातात मोजे, दोन्ही हात गुंतलेले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ॲम्ब्युलन्स, आत वळलेले हात, काचेची पेटी, सगळं एकदम आलं. खाली उभ्या सहकाऱ्यानं विचारलं, "काय झालं?" अर्धवट काम सोडून मी उतरलो.

फोन लावला. बायको रडत होती. हुंदके ऐकू येत होते, शब्द नाही.

"काय झालं? बोल की! श्वास चालू हाय का?"

"अहो..." ती म्हणाली. "भिंतीपासून चुलीपर्यंत आली. कुणी न्हाय धरलं."

मी खांबाला टेकून खाली बसलो. सहकाऱ्यानं पाण्याची बाटली दिली. आनंद झाला असं मी सांगेन, तर ते खरं नाही. पाणी पिताना हातावर सांडत होतं आणि मनात एकच आलं, चुलीपाशी का सोडलं तिला, भाजली असती तर?

आता ती अंगणवाडीत जाते. डावा पाय थोडा ओढत चालते, पळताना जास्त. पडते आणि उठते. आई तिला रोज तेल लावते, मी समोर नसलो तरी.

गेल्या महिन्यात मॅडमकडं गेलो होतो. त्यांनी तिचा बूट काढला, पट्टी पायावर ठेवून बघितली, परत बघितली आणि गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं मला चांगलं माहीत होतं. मी खुर्चीवरून उठलो. बायकोनं माझी बाही धरली.

"ही पट्टी आता चालणार न्हाई," मॅडम म्हणाल्या.

"का? ताठरपणा वाढला?" मी विचारलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "पाय वाढला की हो. नवीन माप घ्यावं लागंल."

मुलीनं पाय पुढं केला. माप घेताना तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसून लोळायला लागली. मॅडम म्हणाल्या, हलू नको. बायको म्हणाली, हलू नको गं. मी मात्र अजून उभाच होतो.