फक्कीमावशींचं दार

फक्कीमावशी नसलेल्या दारातून आत जायच्या आणि जाताना डोकं वाकवायच्या. मोकळी जागा, वर आभाळ आणि जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघा. रेघेत एके ठिकाणी फट सोडलेली असायची, ते दार. कपाळाला चौकट लागू नये म्हणून मावशी वाकायच्या, आत जाऊन बसायच्या आणि भिंतीला टेकावं तशी पाठ मागे टाकायच्या. लहानपणी मला त्यांच्या पाठीमागे खरंच भिंत दिसायची. खोटं कशाला सांगू, डोळे मिटले की अजूनही दिसते.

आमच्या लोहाऱ्याकडच्या गावात कुणाला घरकुल मंजूर झालं की पाया खणायच्या आधी मावशींना बोलावणं जाई. त्या मूळच्या बिगारी, घमेली वाहता वाहता गवंडीकाम शिकलेल्या. त्यांचा नियम असा, की ज्यांचं घर त्यांनी एक अख्खी संध्याकाळ फक्कीच्या घरात राहून बघायचं. चूल मांडायची, अंथरूण टाकायचं, भांडण असेल तर तेही तिथंच उरकून घ्यायचं. एकदा आमचे सरपंच कौतुकानं बघायला आले आणि सरळ रेघ ओलांडून आत शिरले. मावशी गरजल्या, "सरपंच, भितीतनं आलात व्हय? दार तिकडं हाय. माघारी जावा!" बिचारे वळसा घालून दारातून आले. वाकायचं मात्र विसरले, त्यावरूनही बोलणी खाल्ली ती वेगळीच.

शेजारच्या शेवंतावहिनींच्या घराची संध्याकाळ मला आठवते. सासूबाईंनी चूल मागच्या कोपऱ्यात ठरवलेली. वहिनी तिथं बसल्या, रिकाम्या हातांनी भाकरी थापल्यासारखं करू लागल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. "हितनं दार दिसत न्हाय. जलमभर भितीकडं तोंड करून बसू का म्या?" सासूबाईंचा सारा जन्म तसाच गेला होता. त्या उठल्या आणि पायानंच चुलीची रेघ पुसून टाकली. मावशी हसून म्हणाल्या, "फक्की पुसायला पाय पुरतो. भीत पुसायला जलम जातो." चूल दारासमोर आली. आज तिथं गॅस आहे, पण वहिनी अजून दाराकडेच तोंड करून भाकरी करतात.

मावशींचं दुसरं वेड सावडीचं. शेतात जशी एकमेकांकडे आळीपाळीनं राबून सावड करतात, तशी त्या घरांची करायच्या. चार घरं एकदम काढायची, वाळू एकत्र आणायची, याच्या पायाला त्यानं खणायचं आणि त्याच्या भिंतीला यानं पाणी मारायचं. पडक्या घरांचे दगड जोत्याला लावायचे. "एकल्याचं घर म्हंजी वझं, चौघांचं म्हंजी सावड," असं म्हणत त्या विटा हातोहात पुढे द्यायच्या. अशी कितीतरी घरं त्यांच्या हातून उभी राहिली. त्या स्वतः मात्र उन्हाळा-हिवाळा अंगणात बाज टाकून झोपायच्या, पावसाळ्यात दारापुढच्या पत्र्याखाली बसून रात्र काढायच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांच्या घराचं मातीचं माळवद खाली आलं, त्यात नवरा आणि पाळण्यातली लेक गेली. तेव्हापासून छताखाली त्यांचा डोळा लागत नसे.

मग त्यांच्याच नावानं घरकुल आलं. मावशींनी फक्की मारली, रेघांच्या आत बाज टाकली आणि तिथंच राहायला लागल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाऱ्यानं रेघ विस्कटली की पुन्हा मारायच्या. भिंती झाल्या तरी वर आभाळ होतं तोवर सगळं ठीक होतं. स्लॅबचं नाव काढलं की अणदूरच्या खंडोबावर ढकलायच्या, "त्येच्या मनात असंल तवा." घर पुरं झालं नाही तर मंजुरी जाणार होती, आणि मावशींचं वय तर झालंच होतं. शेवटी शेवंतावहिनींनी सावड गोळा केली. मावशींनी उभ्या केलेल्या घरांतल्या बायका घमेली घेऊन आल्या आणि स्लॅब ओतला गेला. मावशी घराकडे पाठ करून बसून होत्या. सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्या, फरशी झाली, तरी बाज अंगणातच.

एका दुपारी वहिनी फक्कीची पाटी घेऊन आल्या. खोलीच्या मधोमध त्यांनी बाजेपुरत्या जागेभोवती रेघ ओढली आणि खिडकीच्या अंगाला फट सोडली. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "मावशी, म्या घर आखलंय. बसून बघा की. वर नगा बघू, वर काय बी न्हाय."

मावशी कितीतरी वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. मग त्या आत गेल्या, वळसा घालून खिडकीकडच्या फटीशी आल्या, डोकं वाकवलं आणि आत जाऊन बसल्या. थोड्या वेळानं तिथंच फरशीवर आडव्या झाल्या. आम्ही दोघी बाहेर अंगणात कान देऊन बसलो होतो. आतून घोरणं ऐकू आलं तेव्हा वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या, का रडत होत्या, देव जाणे.

पुढची वर्षं त्या तिथंच झोपल्या. रेघ पुसट झाली की स्वतः ठळक करायच्या. मी नोकरीला कळंबला आले. गावी गेले की आधी त्यांच्याकडे जायची, वाकून.

यंदा त्या झोपेतच गेल्या, त्याच छताखाली. मी पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. त्यांना बाहेर आणायला चौघे आत गेले, पुढे आमचे तेव्हाचे सरपंच, आता पार म्हातारे झालेले. मावशींना उचललं. खोलीचं दार समोरच होतं, दोन पावलांवर. एकानं रेघ ओलांडायला पाय उचलला, तसे सरपंच म्हणाले, "थांबा. दार तिकडं हाय."

चौघेही ओझ्यासकट खिडकीकडच्या फटीकडे वळले. फटीतून बाहेर पडताना सरपंचांनी डोकं वाकवलं.