पंचनाम्याआधी

ढोकीजवळ उसाचा ट्रॅक्टर उलटला. चालकाला आमच्या अपघात विभागात आणलं, तेव्हा तो गेलेलाच होता. मागोमाग त्याची बायको आली आणि ओल्या पदरानं त्याच्या तोंडावरचा चिखल पुसायला लागली. मी नर्स, मलाच तिचा हात धरावा लागला.

“पंचनामा होईपर्यंत पुसता येत न्हाय, ताई.”

“नवरा माझा हाय, अन् चिखल पोलिसांचा व्हय?”

मी ठाण्यात पुन्हापुन्हा फोन केले. “निघालेत,” एवढंच उत्तर. तेवढ्यात दुसरा पेशंट आला, म्हणून प्रेत व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत ठेवावं लागलं. मी तिला त्याचा हात तेवढा धरू दिला. हवालदार आले, त्यांनी पंचनामा उरकला आणि प्रेत तोंडावरच्या चिखलासकट थेट शवविच्छेदनाला गेलं. त्या दिवशी घरी मी सगळ्यांवर विनाकारण खेकसले.