सात खाचांचा गोळा

तुमच्या दारासमोरच्या लोखंडी झाकणाखालून पाणी कुठल्या दिशेला जातं, सांगता येईल तुम्हाला? नाही येणार. मलाही येत नव्हतं, तेव्हा लाजू नका. पण आमच्या गल्लीत एक माणूस राहतो, त्याला आख्ख्या वॉर्डाचं सांगता येतं. पहारीचं एक टोक झाकणावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे, आणि मग म्हणायचं, "खाली वीतभर गाळ आहे, पण चाललंय."

ते पावसाळी गटारांचे मुकादम होते. तेहतीस वर्षं. गल्ली त्यांना मुकादम म्हणते, आणि बायको रागावली की तीही मुकादमच म्हणते.

दर पावसाळ्याआधी त्यांची गोळ्यांची परीक्षा असायची. आमच्या भागात नऊ गटारं. मुकादमांनी लाकडाचे नऊ गोळे स्वतः तासलेले, मुठीएवढे, एकावर एक खाच, दुसऱ्यावर दोन, असे नवापर्यंत. वरच्या चेंबरात गोळा टाकायचा, त्यामागे टँकरचं पाणी सोडायचं. खालच्या चेंबरात एक कामगार जाळी लावून बसलेला. गोळा आला की तो ओरडायचा, "आला". गोळा आला म्हणजे गटार मोकळं. इतकं साधं. पोरंटोरं हसायची, मुकादम गोट्या खेळतात म्हणून.

त्या वर्षी सातवा गोळा आला नाही.

पाऊण तास झाला. टँकर रिकामा झाला. साहेब जीपमध्ये घड्याळ बघत बसलेले, आणि अजून दोन गटारं बाकी. आता त्या धंद्यातली एक समजूत तुम्हाला माहीत हवी. अडकलेला गोळा जोराच्या लोंढ्याबरोबर आपोआप सुटतो, असं तिथे सगळेच मानतात. मुकादमांनी चारदा पाहिलंही होतं. पाऊस लागला की येईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग आठ खाचांचा गोळा खिशात घालून ते चालत मधल्या चेंबरापाशी गेले आणि तिथून दोन बादल्या पाण्याबरोबर तो सोडला. खालून हाक आली, "आला". खाचा कुणी मोजल्या नाहीत. रजिस्टरात सातवं गटार मोकळं म्हणून लिहिलं गेलं, खाली मुकादमांची सही.

सातवं गटार म्हणजे आमची गल्ली.

गल्लीच्या उताराला, शेवटच्या खोलीत शिलाईवाल्या मावशी राहायच्या. एकट्या. गुडघा गेलेला, हातात काठी. मुकादमांचे खाकी शर्ट त्याच शिवायच्या, झाकणांवर खुणा करायचा खडू ठेवायला आत एक चोरखिसा लावून. "तुमचा खडू धुण्यात विरघळतो आणि शिव्या मला बसतात," असं म्हणायच्या.

पाऊस लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, दोन तासांत गल्ली भरली. वीज गेली. जो तो पोरं आणि गाद्या घेऊन वरच्या मजल्यावर पळाला. मीही पळाले. मावशींना कुणीतरी नेलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं. माझं नावही त्या प्रत्येकात धरा.

मुकादम मात्र पहार घेऊन खाली उतरले होते. कमरेएवढ्या पाण्यात उभे असताना त्यांना ऐकू आलं. ठक. मग थोडं थांबून, ठक, ठक. लाकडाचा आवाज, उताराकडून येणारा. त्यांना वाटलं, गोळा सुटला. ते पाणी कापत पुढे गेले, मावशींच्या दारावरून, सरळ खालच्या चेंबरापर्यंत, आणि तिथे जाळी धरून उभे राहिले. अर्धा तास. पुढे ठकठक थांबली. गोळा आला नाही.

संध्याकाळी पाणी ओसरल्यावर मावशींचं दार उघडलं. ते बाहेरच्या बाजूला उघडणारं दार. बाहेर पाण्याचा रेटा असताना आतून ढकलणं धडधाकट माणसालाही जमलं नसतं.

गोळ्याचं आणि ठकठकीचं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. आठवीत शाळा सुटली माझी, पण गटारांचा नकाशा वाचायला मी माझी मी शिकले, आणि सातवं गटार खोदा म्हणून अर्जामागून अर्ज टाकले. दर वेळी तेच उत्तर, 'सदर वाहिनी चाचणीत मोकळी आढळली आहे.' शेवटी मी रजिस्टराची नक्कल काढली. सही बघून माझं डोकं फिरलं. मुकादम तोवर निवृत्त झाले होते. तडक त्यांच्या घरी गेले.

"मुकादम, ही सही कुणाची?"

"माझी."

"गटार मोकळं होतं, तर पाणी काय आमच्या आग्रहाखातर थांबलं होतं?"

वहिनी आतून आल्या. "ताई, चहा घे आणि जा. हे झोपत नाहीत. नळ टपकला तरी दचकून उठतात. परवा भर दुपारी रस्त्यावर झाकणाला कान लावून आडवे. रिक्षावाला मला म्हणतो, काकू, काकांना उचला, अंगावर चाक गेलं तर नाव माझं व्हायचं."

मुकादम म्हणाले, "अजून वाजतो तो."

"कोण?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, खाली मान घालून. मी भांडायला गेले होते. चहा तसाच निवला.

"गोळा तेव्हा सुटला असेल तर मी गोळाच ऐकला," ते म्हणाले. "आणि सुटला नसेल तर..."

मावशींच्या खोलीत तोवर नवं बिऱ्हाड आलं होतं. नवरा, बायको आणि तिची अंथरुणाला खिळलेली आई. पाऊस पाच आठवड्यांवर. रजिस्टर खोटं आहे असं सही करणाऱ्याने लिहून दिल्याशिवाय ऑफिस रस्ता फोडणार नाही, हे मला कळत होतं. त्यांना माझ्याहून आधी कळलं होतं.

"लिहून दिलंत तर लोक म्हणतील, मुकादमाने मावशींना मारलं," वहिनी म्हणाल्या. "जावयासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू मी?"

"तू नको उभी राहूस. मी राहतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्यांच्याबरोबर होते. नवे साहेब पोरसवदा, पण मनाने बरे. कागद वाचून म्हणाले, "मुकादम, 'नजरचुकीने झालं' एवढं घाला. तुम्हालाही सोपं, आम्हालाही."

"नजर चुकली नव्हती, साहेब. चांगली शाबूत होती."

कागद तसाच गेला. आठव्या दिवशी रस्ता फोडला. नऊ फुटांवर गटार लागलं, आणि त्याच्या पोटातून आरपार गेलेला केबलचा जाड पाइप. कुणीतरी वरून भोक पाडून घुसवला आणि माती लोटून निघून गेला. कोण, ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. मी सोडणार नाही, पण ते प्रकरण वेगळं. पाइपामागे चिंध्या, पिशव्या, दगडासारखा झालेला गाळ. कामगार हाताने उपसत होते. मुकादम काठावर उभे, मी बाजूला.

"हे घ्या, तुमची गोटी," खालून एकजण म्हणाला.

काळा पडलेला, फुगलेला. मुकादमांनी तो शर्टाला पुसला आणि अंगठ्याने खाचा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग खड्ड्याच्या कडेलाच बसले.

"हललाच नाही हा," ते म्हणाले. "म्हणजे ती काठीच होती."

खालचा कामगार वर बघत राहिला.

यंदा गल्लीत पाणी थांबलं नाही. नव्या बिऱ्हाडाने मावशींच्या दाराला आतून रंग लावलाय, पण काठीच्या टोकाने पडलेल्या खुणा रंगाखालून दिसतात. गुडघ्याच्या उंचीवर सुरू होतात आणि वर वर जातात. मी मोजल्या नाहीत. मुकादमांनी मोजल्या असणार.

हे मी त्यांना विचारून लिहिलंय. नाव नको म्हणाले नाहीत; उलट, टाका म्हणाले. मीच टाकलं नाही. जोराचा पाऊस लागला की ते अजूनही पहार घेऊन निघतात आणि तळमजल्याचं एकेक दार ठोकतात, आतून ओ येईपर्यंत हलत नाहीत. लोक वैतागतात. मी पहिल्या हाकेला ओ देते.

तुम्हाला एकच सांगणं आहे. पाणी चढत असताना कुठून ठकठक ऐकू आली, तर ती कशाची असेल याचा विचार करत उभे राहू नका. आधी जवळचं दार उघडा.