बायकांना आत बसवलेली गल्ली

गुडगावच्या नव्या वसाहतीत, आमच्या गल्लीत, एका गुन्हेगारी मालिकेचं शूटिंग झालं. एरवी संध्याकाळी तिथे बायका खाटा टाकून भाजी निवडत बसायच्या. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वर्ग संध्याकाळचे होते आणि परतताना मला त्या बायकांचाच आधार वाटे.

शूटिंगच्या दिवशी दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, "आंटीजी, बस थोड़ी देर दरवाज़ा बंद कर लीजिए." सगळ्या हौसेने आत गेल्या. आईने तर त्याच्या माणसांसाठी पोहेसुद्धा केले.

मग ती गल्ली टीव्हीवर आली. बंद दारं, रिकाम्या खाटा, कुठल्यातरी घरातली कुकरची शिट्टी आणि एकटी चालणारी मुलगी. खरं सांगते, मीही घाबरले.

बाबा फौजेतून सुटीवर आले होते. त्यांनी टीव्ही बंद केला. "उद्यापासून कॉलेज बंद."

"बाबा, बायकांना आत बसवलं म्हणून गल्ली तशी दिसली."

"अहो, मी रोज बाहेरच असते की," आई म्हणाली.

"आणि कोणी आंटीजी म्हटलं की आत पळतेस," बाबा म्हणाले.

त्या वर्षी माझी परीक्षा बुडाली. बाबांचा राग आलाच, पण त्या दिग्दर्शकाचा जास्त आला. भीती दाखवायला त्याला गुंडसुद्धा लागला नाही. माझ्या ओळखीची माणसं तेवढी त्याने रस्त्यावरून काढून टाकली, आणि तेही आमच्याच घरचे पोहे खाऊन.