उशीखालच्या पुड्या

गेला महिनाभर मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय, आणि आज तर माझ्याच्याने अजिबात राहवत नाही. माझी थोरली नणंद आणि मी एकाच हॉस्पिटलात. मी नर्स, ती वॉर्डात चादरी बदलणारी ताई. घरी ती माझ्यावर हुकूम सोडते आणि वॉर्डात मी तिच्यावर. निदान मला तसं वाटतं.

बावीस वर्षं चादरी बदलून तिला प्रत्येक उशीखालचं ठाऊक. वैद्यांच्या पुड्या, काढ्याच्या बाटल्या. डॉक्टर ओरडतील म्हणून लोक लपवतात. ती चादर ताणून बसवते आणि वस्तू होती तिथे परत ठेवते. कुणालाही कानोकान खबर नाही, मलासुद्धा. म्हणून तर पेशंट तिच्यावर जीव टाकतात.

अशात शिंपीकाका दाखल झाले. मधुमेहामुळे उजव्या पायाची जखम चिघळलेली. ऑपरेशन दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा ऐन सकाळी रक्तातली साखर धाडकन खाली. सर्जन हैराण. गुरुवारी झालं नाही तर पाऊल काढावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. काकांचं शिलाई मशीन पायाचं.

बुधवारी चादर बदलताना ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उशीखालची पुडी रोज एक कमी व्हायची, ऑपरेशनच्या दिवशी मात्र दोन. तिने विचारलं, तर काका म्हणे, वैद्यांची साखर उतरवायची पुडी आहे, ऑपरेशन नीट पार पडावं म्हणून दुप्पट घेतो. तीही उपाशी पोटी, आदल्या रात्रीच्या साखरेच्या गोळीवर!

आता डॉक्टरांना सांगावं तर विश्वासघात, न सांगावं तर पाऊल. ताईने काय करावं? होती तशी रस्ता ओलांडून समोरचा वैद्यांचा दवाखाना गाठला आणि त्यांना भरल्या रांगेतून उठवून थेट वॉर्डात आणलं. तेवढ्यात सर्जनही राउंडला आले.

वैद्यांनी गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "तुम्ही तर म्हणालात, गोळ्या केव्हाच सोडल्या."

काकांनी मान खाली घातली. "त्यांच्यापासून तुमच्या पुड्या लपवल्या, तुमच्यापासून त्यांच्या गोळ्या. दोघांनाही वाईट वाटू नये म्हणून."

मला वाटलं, आता जुंपणार. तर सर्जननी स्टूल पुढे ओढून वैद्यांना बसवलं आणि दोघं पलंगावर पुड्या-गोळ्या मांडून तासभर बोलत राहिले. पुड्या लगेच बंद झाल्या. जखम भरताना पुढे काय द्यायचं, तेही दोघांनी मिळून ठरवलं. गुरुवारी साखर जागच्या जागी, ऑपरेशन झालं, पाऊल वाचलं. मी आनंदाच्या भरात ताईला मिठी मारली, तर ती म्हणते, "वहिनी, सोड, कामं पडलीत."

आता दर बुधवारी वैद्य वॉर्डात येतात. आज बघते तर दोघेही मोठे डॉक्टर वॉर्डाच्या दारात ताटकळत उभे. आत का जात नाही, म्हणून मी विचारलं.

"थांबा सिस्टर," सर्जन हळूच म्हणाले. "ताई पेशंटशी बोलतायत. त्यांनी बोलावल्याशिवाय आम्ही जात नाही."